संकटाचा कारभारी

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, हे पुण्यातील लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु त्या धरणाचा मातीचा बांध आदल्या दिवसापासूनच खचू लागला होता, तेथील अभियंत्यांना त्याची स्पष्ट जाणीव झालेली होती, आणि लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो बांध उजाडेपर्यंत कसाबसा तगवून धरला होता, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. जवानांच्या त्या परिश्रमांमुळे धरण ऐन रात्री न फुटता दिवसाउजेडी फुटले आणि हजारो माणसे झोपेतच वाहून जाण्याचे टळले. त्यांचे हे ऋण पुण्याने विसरू नये. तथापि, नदीकाठच्या पेठांतील असंख्य कुटुंबांना संकटाची पहिली वर्दी मिळाली ती प्रत्यक्ष पाण्याकडूनच. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही, आणि ज्या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी मिळत असे तोच रिता झाल्यामुळे, पुराने उद्ध्वस्त केलेले शहर पूर ओसरताच घोटभर पाण्यालाही मोताद झाले.

बातमी होती, पण ती माणसांच्या पायांपर्यंत पोहोचली नाही. दप्तरात दाखल झालेले ज्ञान आणि उंबरठा ओलांडून बाहेर पडणारे पाऊल यांच्यामध्ये जे अंतर असते, ते कमी करण्याची विद्या म्हणजेच आपत्ती-व्यवस्थापन, असे माझे मत आहे. बुडणाऱ्याला दोर फेकणे, ढिगाऱ्याखालून माणूस काढणे, अन्नाची पाकिटे वाटणे ही कामे थोर आहेत आणि ती करणाऱ्यांचे धैर्य वंदनीय आहे; परंतु पुढील काळात ज्यांना हा व्यवसाय पत्करावयाचा आहे, त्यांची खरी परीक्षा त्याआधीच्या काही तासांत, किंबहुना त्याआधीच्या काही वर्षांत होणार आहे.

आपल्याकडे हा कारभार परंपरेने महसूल खात्याकडे आला, आणि त्याला कारण आहे. इंग्रजी अमदानीत संकट म्हणजे मुख्यतः दुष्काळ. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळ संहिता सिद्ध झाल्या, त्यांनी कलेक्टर, मामलेदार आणि तलाठी यांना एक निश्चित कार्यपद्धती घालून दिली: पिकांची आणेवारी काढावी, ती ठरावीक मर्यादेखाली गेल्यास टंचाई जाहीर करावी, महसुलाची वसुली तहकूब करावी, तगाई द्यावी, कामे काढावीत. या पद्धतीत परकीय सत्तेचा कृपणपणा भरपूर होता. पण दुष्काळ हळूहळू येतो आणि त्याची चाहूल आकड्यांवरून घेता येते, हे तिने ओळखले होते. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने त्याच चौकटीत अधिक उदार आशय भरला. १९७२ च्या दुष्काळात निघालेल्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या आसपास माणसे राबत होती, आणि त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे अधिष्ठान लाभले. एवढा प्रचंड व्याप सांभाळू शकणारी यंत्रणा अकार्यक्षम होती, असे कोण म्हणेल? मात्र तिची गती दुष्काळाची गती होती. भूकंप, ढगफुटी, दरड कोसळणे, साथीचा रोग अथवा धरणाचा अकस्मात विसर्ग या संकटांना आणेवारीची सवड नसते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले आणि पूर्वतयारी हेही शासनाचे कर्तव्य ठरविले, तेव्हा जुन्या कारभाऱ्याकडून नव्या कौशल्यांची अपेक्षा कायद्याने प्रथमच केली.

या नव्या कौशल्यांत अग्रस्थान द्यावयाचे ते अनिश्चित ज्ञानावर निश्चित निर्णय घेण्याच्या सामर्थ्याला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि तेथून २०-२५ किलोमीटरांवर असलेल्या कुलाब्यात त्याच अवधीत ७३ मिलिमीटर. एकाच महानगराच्या दोन टोकांवर एवढे अंतर पडू शकते, तर 'मुंबईत पाऊस किती' या प्रश्नाच्या सरासरी उत्तराला अर्थ उरत नाही. मंत्रालय दक्षिण टोकाला. तेथील खिडकीतून दिसणारा पाऊस नेहमीचा, आणि तिकडे मिठी नदी आपले पात्र सोडून कुर्ला व कलिना गिळीत चाललेली. म्हणून पुढच्या व्यवस्थापकाला पर्जन्यमापकांचे जाळे, रडारची चित्रे, भरतीओहोटीचे वेळापत्रक आणि पर्जन्यजल वाहून नेणाऱ्या नाल्यांची क्षमता या सर्वांचा एकत्र अर्थ लावता आला पाहिजे. त्याने हवामानशास्त्रज्ञ व्हावे असे नव्हे. परंतु शास्त्रज्ञाला नेमका कोणता प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तरातील संभाव्यता किती, हे कळण्याइतके शास्त्र त्याच्या अंगी मुरलेले असावे. हवामान खात्याचा पिवळा रंग लक्ष ठेवावयास सांगतो, नारिंगी सज्ज राहावयास, आणि तांबडा कृती करावयास. पण तांबडा रंग दिसल्यावर नेमकी कोणती कृती, कोणत्या वस्तीसाठी, किती वाजण्यापूर्वी, हे ठरविणे खात्याच्या हाती नसते.

येथे एक नैतिक कसोटीही आहे. लोकांना हलविले आणि संकट आलेच नाही, तर टीका होते. हलविले नाही आणि संकट आले, तर माणसे मरतात. पहिल्या शक्यतेची भीती बाळगणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून दुसरी घडते. ओडिशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर एरवी शाळा म्हणून वापरता येतील असे चक्रीवादळ-निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ येण्यापूर्वी दहा लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित स्थळी नेले. घरे पडली, माड उन्मळले, पण मृत्यूंची संख्या काही डझनांच्या पलीकडे गेली नाही. वादळ ऐन वेळी वळून गेले असते, तर एवढा खर्च कशासाठी केला असे विचारणारे निघालेच असते. तो प्रश्न अंगावर घेण्याची तयारी ठेवून ज्यांनी आधीच हुकूम दिले, त्यांचा हा विजय आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याकडे पाहिले म्हणजे या व्यवसायाची गुंतागुंत अधिक जवळून दिसते. कोल्हापूरकराला पुराची भाषा शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेले की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे तेथील शाळकरी पोरही सांगते. सांगलीत हीच मापे आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५ फूट अशी आहेत. कोयनेतून किती क्युसेक सोडले, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, याची चर्चा पावसाळाभर चहाच्या टपरीवर चालते. एवढ्या जाणत्या लोकांतही ऑगस्ट २०१९ च्या महापुरात असंख्य कुटुंबे वेळेवर बाहेर पडली नाहीत. कारण काय? २००५ मध्ये याच खोऱ्यात आलेल्या पुराची खूण प्रत्येकाच्या भिंतीवर आणि मनात होती. पाणी त्या खुणेपर्यंत येईल, फार तर तिला स्पर्श करील, अशी अनुभवसिद्ध खात्री होती, आणि पाणी ती खूण ओलांडून कितीतरी वर गेले. ज्या अनुभवाने आजवर रक्षण केले होते तोच या वेळी शत्रू ठरला. हवामान जसजसे बदलत जाईल तसतसे हे अधिकाधिक ठिकाणी घडणार आहे, आणि म्हणून, लोकांच्या अनुभवाचा मान राखून त्या अनुभवाची मर्यादा त्यांना पटवून देणे, हे उद्याच्या व्यवस्थापकाचे अत्यंत नाजूक असे कर्तव्य राहील. 'पाणी अमुक फुटांवर जाईल' एवढे सांगून भागत नाही. 'तुमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाच्या पायरीला पाणी लागले, की परत यायला वाट राहणार नाही' असे सांगता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्या पायरीची समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच मोजून ठेवलेली असली पाहिजे.

दुसरे कारण गोठ्यात होते. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील शेतकऱ्याचा अर्धा संसार म्हशींवर चालतो. दावणीला चार जनावरे बांधलेली असताना 'तुम्ही नावेत बसा' असे सांगणाऱ्याचे तो ऐकेल तरी कसे? पोरीबाळींना पाहुण्यांकडे धाडून कर्ता पुरुष जनावरांपाशी मागे राहतो, आणि पाणी छातीला लागल्यावर त्याच्यासाठी नाव पाठवावी लागते. स्थलांतराचा आराखडा करताना माणसांच्या छावणीशेजारीच जनावरांची छावणी, वैरण, पाणी आणि पशुवैद्य यांची तजवीज ज्याने केली, त्याच्या गावातील माणसे लवकर हलतात. जिल्हा आराखड्याच्या पुस्तकात हा मुद्दा परिशिष्टात पडलेला असतो. माझ्या मते त्याची जागा पहिल्या पानावर आहे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी गर्दीने भरलेली नाव उलटून लहान मुलांसह अनेक ग्रामस्थांना जलसमाधी मिळाली. सुटकेला उशीर झाला म्हणजे प्रत्येकाला त्याच एका नावेत बसावयाचे असते. नावेची क्षमता, जीवरक्षक जॅकेटांची संख्या, नावाड्याची तालीम आणि 'आता आणखी कोणी नको' असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, या बाबी पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या असाव्या लागतात.

शिवाय नदी जिल्ह्याची हद्द मानीत नाही, राज्याचीही नाही. खाली कर्नाटकात अलमट्टीचे विशाल धरण आहे, आणि त्याच्या पाणीसाठ्याचा व विसर्गाचा सांगली-कोल्हापूरच्या पुराशी संबंध किती, यावर वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत. तो वाद तज्ज्ञांनी आपल्या जागी सोडवावा. परंतु पूर चढत असताना पलीकडच्या अभियंत्याला मध्यरात्री दूरध्वनी करून विसर्ग वाढविण्याची विनंती करता येण्याइतका परिचय, आणि त्या विनंतीस लागणारे आकडे हाताशी असणे, हे व्यवसायाचे कौशल्य आहे. असा परिचय संकटाच्या रात्री होत नसतो. तो उन्हाळ्यातल्या कंटाळवाण्या बैठकांतून होतो, आणि त्या बैठका टाळणारा अधिकारी आपल्याच हाताने आपले एक शस्त्र मोडीत काढतो.

भूमीचे वाचन हा यापुढचा विषय. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यापूर्वी वर्षभर तेथे लहानसहान धक्के बसत होते, आणि भयभीत ग्रामस्थ त्याविषयी तक्रारी करीत होते. मोठा भूकंप केव्हा होईल हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नव्हते, आजही सांगू शकत नाही. मात्र मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा प्रचंड भार असलेली घरे अशा धक्क्यात तग धरणार नाहीत, हे सांगण्यासाठी भविष्यवेत्ता लागत नव्हता. तक्रारीचे उत्तर भाकितात शोधण्याऐवजी घराच्या भिंतीत शोधणे, हे व्यवस्थापकाचे काम होते. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा गाव जागेवर नाही ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती एस.टी.च्या चालकाच्या. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण स्थळांच्या अधिकृत यादीत नव्हती, आणि तेथवर मोटारीचा रस्ता नसल्याने मदत करणाऱ्यांना पावसात डोंगर चढून जावे लागले. यादी आवश्यक आहे. पण यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे मानणारा मनुष्य या कामास अपात्र समजावा. उतारावर नव्याने पडलेल्या भेगा, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी, तिरपी झालेली झाडे ही लक्षणे गुराख्याला आधी दिसतात. त्या गुराख्याचे म्हणणे तलाठ्यामार्फत भूवैज्ञानिकापर्यंत एका दिवसात पोहोचेल अशी वाट तयार करणे, हे मला उपग्रहाच्या छायाचित्राइतकेच महत्त्वाचे वाटते.

परंतु गुराखी बोलेल केव्हा? शासनावर त्याचा विश्वास असेल तेव्हा. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी रोग्यांच्या शोधासाठी गोऱ्या सोजिरांना घरोघर घुसविले. स्वयंपाकघर, देवघर, स्त्रियांचे माजघर यांची तमा बाळगली नाही. रोगी शोधून वेगळे करणे हे तत्त्व वैद्यकदृष्ट्या चुकीचे नव्हते, पण त्याची अंमलबजावणी अपमानकारक झाल्याने लोक रोगी लपवू लागले, शहरात संताप दाटला, आणि २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी संमत झालेला साथरोग कायदा हाती घेऊन २०२० मध्ये मुंबई महानगरपालिकेला धारावीत उतरावे लागले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे, दहा-बारा हातांच्या खोलीत संपूर्ण कुटुंब आणि शौचालये सामायिक. अशा वस्तीत 'घरात अंतर राखा' हा उपदेश व्यर्थ होता. पालिकेने वस्तीतीलच खाजगी डॉक्टरांना तपासणीसाठी सोबत घेतले, सामायिक शौचालये पुनःपुन्हा निर्जंतुक केली, विलगीकरणाची सोय जवळच करून तेथे जेवणाची व्यवस्था ठेवली. आणि लक्षणे सांगावयास लोक आपण होऊन पुढे आले. कायदा तोच होता, रोगी शोधण्याचे तत्त्वही तेच. फरक पडला तो माणसाशी वागण्याच्या रीतीत. उलट, विश्वासार्ह बातमीची जागा रिकामी राहिली म्हणजे ती अफवा भरून काढते: २००५ च्या महापुरानंतर दोनच दिवसांनी, लाट येत असल्याच्या निराधार वार्तेने मुंबईच्या एका झोपडवस्तीत चेंगराचेंगरी होऊन अनेकजण प्राणास मुकले. ठरावीक वेळी, एकाच मुखाने, जे माहीत आहे तेवढेच आणि जे माहीत नाही तेही स्पष्ट सांगणे, ही शिस्त व्यवस्थापकाने शांततेच्या काळातच अंगी बाणवावयास हवी.

आज्ञा कोणी कोणास द्यावी, या प्रश्नाचा येथे थोडक्यात निर्देश करतो. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील वणव्यांच्या वेळी निरनिराळी अग्निशमन दले एकमेकांची परिभाषा जाणत नव्हती, त्यांच्या बिनतारी यंत्रांच्या लहरीही जुळत नव्हत्या. त्या गोंधळातून एकसूत्री आज्ञापद्धती जन्मली आणि भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिचे देशी रूप स्वीकारले. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली पाचाच्या आसपास माणसे, प्रत्येकाचा वरिष्ठ एकच, आणि पदापेक्षा नेमून दिलेल्या कामाला महत्त्व, हे तिचे सार. आपल्या श्रेणीबद्ध प्रशासनात यातील शेवटची अट सर्वांत अवघड ठरते.

संकट ओसरल्यावर पंचनामा सुरू होतो, आणि पंचनामा हेही व्यावसायिक कौशल्य आहे, हे नव्या पिढीला सांगणे अगत्याचे वाटते. ज्याच्या नावावर घर आहे त्याला भरपाई मिळते. भाडेकरू, कूळ, गावठाणाबाहेरील झोपडी, नवऱ्याने टाकलेली बाई, फिरस्ता कारागीर हे सातबाऱ्यावर नसतात. नोंदीचा तक्ता आखणाराच कोणाचे दुःख शासनाला दिसेल हे ठरवीत असतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात, जी गावे स्थलांतरित न होता आहे तेथेच घरे दुरुस्त करणार होती, तेथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नाने गावातील स्त्रिया संवाद-सहायक म्हणून पुढे आल्या. भूकंपरोधक दुरुस्तीची माहिती त्यांनी घरोघर पोहोचविली आणि अडलेल्या हप्त्यांची दादही लावून घेतली. घराचा खरा वापर जिला ठाऊक, तिच्या मुखातून आलेली सूचना अभियंत्याच्या नकाशावर चढली, हे त्या प्रयोगाचे मोल.

यंत्रांविषयी बोलावयाचे तर, मोबाइलच्या मनोऱ्यांवरून एका विशिष्ट परिसरातील सर्व दूरध्वनींवर एकदम इशारा उमटविण्याचे प्रयोग देशात २०२३ पासून झाले आहेत, आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. वीज, दळणवळण, पाणी, रुग्णालय या साखळीतली एक कडी निखळली की पुढच्या किती निखळतील, याचा हिशेब आधी मांडून ठेवणे आणि मनोरा बंद पडल्यावर दवंडी देणारा कोतवाल, मंदिराचा भोंगा, मशिदीचा ध्वनिक्षेपक आणि हौशी बिनतारी चालक यांची नावे कागदावर असणे, दोन्ही एकाच कौशल्याची अंगे होत.

ही सारी विद्या शिकविण्याची सोय आता आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती-अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय आहे, पुण्याची यशदा ही संस्था अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते, आणि तळेगावजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी सज्ज असते. उणीव आहे ती या विद्येला स्थैर्य देण्याची. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. आपत्ती कक्षातील अधिकारी अनेक जिल्ह्यांत कंत्राटी असतो, आणि पुराच्या रात्री त्याने कमावलेले ज्ञान कराराच्या मुदतीबरोबर निघून जाते. अभियंता अथवा वैद्य यांच्याप्रमाणे या व्यवसायालाही कायम संवर्ग, बढतीचा मार्ग आणि सेवाकालाचे संरक्षण मिळावयास हवे. पदभार सोपविताना तिजोरीच्या किल्ल्या मोजून घेतात, त्याचप्रमाणे कोणत्या गावातून बाहेर पडावयास किती तास लागले, कोणती नाव गळकी होती, कोणता सरपंच मध्यरात्री उठला आणि कोणत्या वस्तीने सांगूनही ऐकले नाही व का, याची नोंदवही नव्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्याचा नियम महसूल खात्याने करावा, आणि मे महिन्याच्या आत त्याने ती वाचून त्या गावांत स्वतः जाऊन यावे.